विश्लेषण : मुंबईत नवे मत्स्यालय, शहापूर-मुरबाडचे मासे वाऱ्यावर? सेवाभावी क्लबांनी कोणते प्रश्न विचारावेत?

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय करोनाकाळात बंद झाले. त्याच्या जागी नवे, भव्य मत्स्यालय उभारण्याच्या घोषणा राज्य सरकारकडून झाल्या आहेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेतही मत्स्यालय उभारण्याची योजना मुंबई महापालिकेने मांडली आहे. अशा प्रकल्पांना सरकारी निधीबरोबर लोकांचा पाठिंबा आणि देणग्याही लागतात. त्यासाठी मत्स्यालयाचे अधिकारी स्थानिक रोटरी किंवा लायन्स क्लबच्या बैठकीत विस्ताराचा आराखडा मांडतात, हे अमेरिकेतील लहान-मोठ्या शहरांत नित्याचे आहे. आपल्याकडे याच क्लबांचे अनेक उपक्रम शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चालतात. या तालुक्यांतल्या नद्या-ओढ्यांत कोकणातले गोड्या पाण्यातील मासे आजही आहेत, पण त्यांची वाट अरुंद होत चालली आहे. त्यामुळे मत्स्यालयाच्या विस्ताराची चर्चा या भागाच्या नजरेतूनही व्हायला हवी.

तारापोरवाला मत्स्यालयाचे काय झाले?

मरिन ड्राइव्हवरील हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामाचा खर्च सुमारे आठ लाख रुपये होता. त्यापैकी दोन लाख रुपये ज्या पारशी दानशूर व्यक्तीने दिले, त्यांचेच नाव मत्स्यालयाला मिळाले. म्हणजे मुंबईचे पहिले मोठे मत्स्यालय सरकारी तिजोरी आणि नागरी देणगी या दोन्हींतून उभे राहिले.

मोठ्या नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्यावेळी १२ फूट लांबीचा अॅक्रिलिकचा बोगदा हे मुख्य आकर्षण होते. पाचच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दारे बंद झाली. टाळेबंदी उठली तरी मत्स्यालय अनेक वर्षे बंदच राहिले. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या इमारतीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि डागडुजीऐवजी नव्याने बांधणी करण्याचा विचार पुढे आला.

शहापूरच्या आसनगाव स्थानकातून लोकलने मुंबई गाठायची तर सुमारे ८५ किलोमीटरचा प्रवास आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणपर्यंत आधी एसटी किंवा जीप गाठावी लागते. तरीही शाळेच्या सहलीत तारापोरवाला, राणीची बाग आणि गेटवे ही ठरलेली ठिकाणे होती. २०२० नंतर शाळेत गेलेल्या मुलांच्या सहलीतून त्यातले एक ठिकाण गळाले आहे.

क्लबांचा याच्याशी संबंध काय?

रोटरीची स्थापना १९०५ मध्ये शिकागोत झाली, लायन्सची १९१७ मध्ये. व्यावसायिकांनी नियमित भेटायचे, पाहुण्या वक्त्याचे ऐकायचे आणि आपल्या परिसरासाठी काही काम उभे करायचे, ही दोन्हींची मूळ पद्धत. त्यामुळे शहरातल्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला क्लबची बैठक हे सोयीचे व्यासपीठ असते. देणगीदार, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर, शाळाचालक एकाच सभागृहात भेटतात.

रोटरीच्या कामाच्या ठरलेल्या क्षेत्रांत पर्यावरण हे सातवे क्षेत्र म्हणून २०२१ पासून दाखल झाले. कंपनी कायदा, २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरण, वन्यजीव संरक्षण यांचा समावेश आहे. म्हणजे मासे आणि नद्या या विषयाला निधी देण्याची वाट कागदोपत्री मोकळी आहे. निधी कशावर लावायचा हे मात्र ठरायचे आहे.

मत्स्यालय उभारणे सोपे, चालवणे अवघड?

सादरीकरणात बोगदा आणि शार्क दिसतात. खर्चाचा मोठा भाग भिंतीमागे असतो. हिशेब सोपा आहे. दहा लाख लिटर पाण्याच्या टाकीत एक हजार टन पाण्याचा भार असतो. टाकी पाच मीटर खोल असेल तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे पाच टन दाब येतो. म्हणून साध्या काचेऐवजी जाड अॅक्रिलिक वापरावे लागते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रापासून दूर असलेल्या शहरात दहा लाख लिटर खारे पाणी तयार करायचे तर ३५ टन क्षार लागतील. त्यातले दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तरी एक लाख लिटर गोडे पाणी आणि साडेतीन टन क्षार लागतात. एक लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्यांना हे माप वेगळे समजावून सांगायला नको. मुंबईतले मत्स्यालय समुद्राचे पाणी थेट घेऊ शकते, ही त्याची जमेची बाजू. मात्र ते पाणीही गाळून, निर्जंतुक करूनच टाकीत सोडावे लागते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून नव्या टाकीत घाईने मासे सोडले की ते मरतात. पंप बंद पडले तर पाण्यातला प्राणवायू घटतो. त्यामुळे वीज गेली तरी यंत्रणा सुरू ठेवणारी पर्यायी सोय अत्यावश्यक ठरते. थोडक्यात, मत्स्यालय ही २४ तास चालणारी यंत्रणा आहे. उद्घाटनाचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा दर महिन्याला.

इतरत्र काय अनुभव आहे?

अहमदाबादच्या सायन्स सिटीत जुलै २०२१ मध्ये मोठे मत्स्यदालन सुरू झाले. ६८ टाक्या, २८ मीटर लांबीचा बोगदा आणि सुमारे २६० कोटी रुपये खर्च, असा त्याचा आवाका आहे. समुद्रापासून दूर असूनही जगभरातले मासे एका छताखाली दाखवायचे, ही त्यामागची कल्पना.

अमेरिकेतील चॅटनूगा शहराने वेगळी वाट धरली. १९९२ मध्ये तिथे टेनेसी मत्स्यालय खासगी देणग्यांतून उभे राहिले. डोंगरातल्या झऱ्यापासून समुद्रापर्यंतचा नदीचा प्रवास हाच त्याचा विषय होता, म्हणजे आपल्या दारातल्या नदीतले मासे. २००५ मध्ये विस्तार करून समुद्री माशांची दुसरी इमारत जोडली गेली. नदीचे काम मात्र सुटले नाही. टेनेसी नदीतून नाहीसा झालेला लेक स्टर्जन हा मासा २००० पासून पुन्हा नदीत सोडण्याच्या मोहिमेत हे मत्स्यालय भागीदार आहे. तिकिटाच्या पैशाचा नदीशी असा थेट संबंध जोडला गेला.

मुंबईतल्या नव्या मत्स्यालयाबाबत हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यात सह्याद्रीतल्या नद्यांचे मासे दिसणार का? आणि दिसले, तर त्यांच्या नद्यांसाठी काही होणार का?

शहापूर-मुरबाडच्या पाण्यात नेमके काय आहे?

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यापैकी एकट्या भातसाचा वाटा ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर. शहापूर आणि लगतच्या तालुक्यांतील भातसा, तानसा, मोडक सागर आणि मध्य वैतरणा या चार धरणांचा वाटा जवळपास ८२ टक्के होतो. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना आणि उद्योगांना पाणी देते. काळू नदीवरही धरण प्रस्तावित आहे. वन परवानगीच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१२ मध्ये त्याचे काम थांबले होते.

या नद्यांत आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांत मरळ, वाम, मळ्या, शिवडा असे मासे मिळतात. पहिल्या जोरदार पावसात ओढे फुगले की हे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि भाताच्या खाचरांपर्यंत पोहोचतात. यालाच वलगण किंवा चढणीचे मासे म्हणतात. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी आणि कुणबी अशा सगळ्याच घरांत वलगणीची वाट पाहिली जाते. भाताची पेरणी आणि लावणी यांच्यामधल्या ओढगस्तीच्या दिवसांत हे मासे फुकटचे प्रथिन असतात.

धरणातल्या माशांची गोष्ट वेगळी आहे. जलाशयांत मासेमारीसाठी प्रामुख्याने रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांतून उत्पन्न मिळते, पण स्थानिक माशांची जागा त्यामुळे भरून निघत नाही.

वलगण का घटते?

कारणे अनेक आहेत. अंड्यांनी भरलेले मासे चढतानाच मोठ्या संख्येने पकडले जातात. डोहात जिलेटिनचा स्फोट करणे किंवा ब्लीचिंग पावडर टाकणे हे प्रकारही घडतात. स्फोटके आणि विष वापरून मासेमारी करणे १८९७ पासून कायद्याने गुन्हा आहे, तरीही. असल्या मासेमारीत मोठ्या माशांबरोबर पिल्ले आणि अंडीही संपतात. धरणाची भिंत तर चढणीच्या वाटेवरचा कायमचा अडथळा आहे.

आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. ते क्लबांच्या कामाशी थेट जोडलेले आहे. शहापूर-मुरबाडमध्ये सेवाभावी संस्था आणि कंपन्यांच्या निधीतून होणारे सर्वात लोकप्रिय काम म्हणजे बंधारा. पाणीटंचाईच्या भागात ते गरजेचेच आहे. पण ओढ्यात आडवी, सलग सिमेंटची भिंत घातली की पाणी तिच्यावरून खाली पडते आणि तिच्या पायथ्याशी मासे अडकतात. एक-दीड मीटरची सरळ भिंत लहान माशाला ओलांडता येत नाही. एका ओढ्यावर असे तीन-चार बंधारे झाले की वरच्या खाचरांपर्यंत वलगण पोहोचत नाही. पाण्यासाठी केलेल्या चांगल्या कामातून ताटातला मासा जातो, आणि फलकावर त्याची नोंद कुठेच नसते.

यावर उपाय आहे का?

आहे, आणि तो फार खर्चिक नाही. पहिला पर्याय वनराई बंधाऱ्याचा. माती-वाळूने भरलेल्या पोत्यांचा हा बंधारा पावसाळा संपताना घातला जातो. पुढच्या पावसात तो वाहून जातो किंवा काढता येतो, त्यामुळे जूनमध्ये वाट मोकळी असते. दुसरा पर्याय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा. त्यात खांबांमधल्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात. पावसाळ्याआधी फळ्या काढल्या की प्रवाह वाहता राहतो. अर्थात फळ्या वेळेवर काढायची आणि पुन्हा बसवायची जबाबदारी कुणावर, हे आधी ठरलेले असावे लागते. नाहीतर फळ्याही जातात आणि पाणीही.

तिसरा पर्याय आधीच झालेल्या सिमेंट बंधाऱ्यांसाठी. भिंतीच्या खालच्या अंगाला मोठे दगड रचून लांब, मंद उतार तयार केला आणि माथ्यावर एका बाजूला थोडी खोल खाच ठेवली, तर पावसातला प्रवाह पायरीपायरीने उतरतो आणि मासे त्यातून वर चढू शकतात. युरोप-अमेरिकेत बांध-बंधाऱ्यांवर माशांसाठी अशा वाटा ठेवण्याचा प्रघात जुना आहे. इथे दगड आणि ते रचणारे हात दोन्ही गावातच मिळतात. खाच किती खोल ठेवायची, हे मात्र अभियंत्याने पाहायला हवे, कारण खोली चुकली तर साठवण घटते.

काचेच्या टाकीतून नदीत काय जाते?

मत्स्यालय पाहून आलेल्या मुलाला घरी टाकी हवी असते, आणि टाकीचा कंटाळा आला की मासे जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडले जातात. सोडणाऱ्याला ते जीवदान वाटते. टाकीची काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोलापूर-पुणे पट्ट्यातील उजनी जलाशयात तो पसरला आहे. काटेरी, टणक अंगाचा हा मासा जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार असते.

थाई मांगूर हे दुसरे उदाहरण. हा मांसाहारी आफ्रिकन मागूर स्थानिक मासे फस्त करतो. केंद्राने २००० मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचे निर्देश दिले. अतिवृष्टीत तळे फुटले की तो ओढ्यात आणि तिथून नदीत जातो. एकदा नदीत शिरलेला परका मासा पुन्हा बाहेर काढणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे मत्स्यालयाच्या बाहेर पडताना ‘घरचे मासे नदीत सोडू नका’ हा फलक आणि नको असलेले मासे परत घेण्याची सोय असावी, ही साधी अपेक्षा आहे.

तिकीट नसलेले मत्स्यालय कुठे आहे?

शहापूरला लागूनच असलेल्या वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे हे गाव आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या तिळसेश्वर मंदिराजवळच्या डोहात महाशीर मासे आहेत. देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी पकडत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला आलेले लोक काठावरून मासे पाहतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथेही देवीच्या नावाने असाच डोह राखला गेला आहे.

इथे पंप नाही, अॅक्रिलिक नाही, क्षारांची पोती नाहीत. एका ठिकाणी मासे मारायचे नाहीत, हा गावाचा नियम एवढीच यंत्रणा. श्रद्धेला मर्यादा आहेत. डोहाच्या वर धरण झाले, वाळू उपसली गेली किंवा सांडपाणी आले, तर नियम पाळूनही मासे वाचत नाहीत. तरीही काळू, शाई, भातसा यांच्या काठच्या ग्रामपंचायतींनी एखादा डोह ‘राखीव’ ठरवला, तर शाळेच्या सहलीला मुंबईशिवाय आणखी एक ठिकाण मिळू शकते.

मग क्लबच्या बैठकीत काय विचारावे?

मत्स्यालयाच्या विस्ताराला विरोध करण्याचे कारण नाही. समुद्र कधी न पाहिलेल्या मुलाला जिवंत प्रवाळ आणि स्टिंग रे दिसणे ही मोलाची गोष्ट आहे. सादरीकरण संपल्यावर टाळ्यांआधी काही प्रश्न मात्र विचारता येतील. बांधकामानंतरच्या पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा कुठून येणार? वीज गेल्यास यंत्रणा किती तास चालेल? महाराष्ट्रातल्या नद्यांच्या माशांना किती टाक्या मिळतील? उत्पन्नातला ठरावीक वाटा एखाद्या नदीवर खर्च होईल का? ग्रामीण आश्रमशाळांना प्रवेश आणि प्रवास परवडेल का?

हाच काटेकोरपणा शहापूर-मुरबाडमधल्या बंधाऱ्यांनाही लागू व्हावा. या ओढ्यावर वलगण चढते का, हे गावातल्या जाणत्या माणसांना आधी विचारले आणि उत्तर ‘हो’ असेल तर आराखड्यात माशांची वाट ठेवली, तर त्याच खर्चात पाणी आणि मासे दोन्ही टिकतील.

इथे कॅलेंडरची एक अडचण आहे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संस्थांचे नवे वर्ष १ जुलैला सुरू होते. नवे अध्यक्ष पदभार घेऊन प्रकल्प ठरवू लागतात, तोवर जूनच्या पहिल्या पावसातली वलगण बहुतेक ठिकाणी होऊन गेलेली असते. त्यामुळे बंधाऱ्याच्या फळ्या काढणे, दगडांचा उतार रचणे आणि डोह राखण्याचा ठराव करणे ही कामे मे अखेरपर्यंत, मावळत्या कार्यकारिणीलाच उरकावी लागतील.